६४ पानांत जे मावलं नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

«मी एका फाउंड्रीत १९ वर्षं शिफ्ट सुपरवायझर आहे. आमची सहा जणांची टीम होती आणि आमच्या शिफ्टचं रिजेक्शन कायम सगळ्यांत कमी असायचं. गेल्या वर्षी कंपनीने दुसरा प्लांट सुरू केला आणि टीम फोडली. दोघांची बदली झाली, साच्यांची वाळू बघणारे निवृत्त झाले, एकाने नोकरी सोडली. मला सांगण्यात आलं, तुम्हाला येतं ते सगळं लिहून द्या. तीन महिने बसून ६४ पानं लिहिली. नव्या प्लांटवरची टीम ती ओळीने पाळते, तरी कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे कोंडलेल्या वायूची छिद्रं, येतात. मॅनेजर भर मीटिंगमध्ये म्हणाले, ‘यांनी मुख्य गोष्ट हातची राखलीय.’ मी काहीही राखलेलं नाही. पण आता रात्री वेगळीच शंका छळते. मला हे काम खरंच येत होतं का? की १९ वर्षं मी तिथे नुसता उभा होतो? मी काय करू?»

प्रिय वाचकमित्र,

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेली ती पानं, दोन्ही नीट वाचली. पानं वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. मला फाउंड्रीतलं काम येत नाही, पण इतक्या निगुतीने लिहिणाऱ्या माणसाने काही दडवलेलं नसतं, एवढं कळतं. तेव्हा आधी हे सांगते: तुम्ही काही हातचं राखलेलं नाही. आणि १९ वर्षं नुसते उभेही नव्हता.

तुमच्या मॅनेजरांची आणि तुमची, दोघांचीही गल्लत एकाच ठिकाणी होतेय. ते कसब तुमच्या डोक्यात होतं, आणि डोक्यात होतं म्हणजे कागदावर उतरायलाच हवं, असं दोघंही धरून चालला आहात. मला वाटतं, त्यातला मोठा भाग तुम्हा सहांपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो तुम्हा सहा जणांच्या मधे होता.

हे गूढ वाटेल, म्हणून तुमच्याच पत्रातून दाखवते. छापताना पत्र छोटं केलंय, त्यात दोन वाक्यं गळली आहेत. एका ठिकाणी तुम्ही लिहिता, «रायझरमधून (साच्यातला धातू वर येतो त्या नळीतून) धातू उसळायला लागला की आमचा ओतणारा हात सावकाश करायचा, अंगावर उडेल या भीतीने.» आणि पुढे दोन पानांनी, अगदी वेगळ्या संदर्भात, «मोल्डरला (साचे करणाऱ्याला) रिकामं बसवत नसे. जरा वेळ मिळाला की तार घेऊन पुढच्या साच्यांत आणखी भोकं पाडायचा. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.»

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. धातू का उसळतो? बहुधा वाळू ओली झालेली असते, वाफ कोंडते, ती बाहेर पडायला धडपडते. ओतणारा घाबरून हळू होतो. तो हळू झाला की मोल्डरला पुढच्या साच्यापाशी चार मिनिटं फुकट मिळतात. त्या मिनिटांत तो जास्तीची भोकं पाडतो. म्हणजे वाळू ओली झाली की पुढच्या साच्यांतून वाफ निघून जायला वाट आपोआप वाढायची. ओतणाऱ्याला वाटायचं, मी हात सांभाळतोय. मोल्डरला वाटायचं, मी वेळ घालवतोय. तुम्हाला वाटायचं, याला स्वस्थ बसवत नाही. आणि ब्लो होल येत नसत.

तुमच्या १७व्या पानावर मात्र लिहिलंय: ‘व्हेंटची भोकं: १०.’ आकडा खोटा नाही. सरासरी म्हणून बरोबरच असेल. पण तुमच्या मोल्डरने कधी आठ पाडली असतील, कधी सोळा. नव्या प्लांटवर साचे कन्व्हेयरवर ठरावीक वेळाने पुढे सरकतात, असं तुम्हीच कळवलंय. तिथे ओतणारा हळू झाला तरी मोल्डरला ती चार मिनिटं मिळतच नाहीत.

हा माझा अंदाज आहे आणि तो तपासायला हवा. कदाचित कारण दुसरंच निघेल. पण ते याच जातीचं असेल, असं मला वाटतं.

ही गोष्ट तुमच्याच शिफ्टपुरती आहे असं समजू नका. एडविन हचिन्स नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर जाऊन, जहाज नेमकं कुठे आहे हे नकाशावर काढणाऱ्या टीमचं काम बघत होते. एकदा सॅन दिएगो बंदरात शिरताना जहाज चालवणारी वाफ गेली, पाठोपाठ वीज गेली, आणि मुख्य जायरो होकायंत्र बंद पडलं. भलं मोठं जहाज पुढे सरकतंय आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. एरवी बाजूच्या कठड्यांवर उभी असलेली माणसं किनाऱ्यावरच्या खुणांची दिशा वाचून सांगत आणि टेबलापाशी थेट रेघ मारली जाई. आता प्रत्येक रेघेसाठी चार आकड्यांची बेरीज हाताने करायची वेळ आली: खूण जहाजाच्या नाकापासून किती अंशांवर, जहाजाचं नाक चुंबकी होकायंत्रावर कुठे, होकायंत्राची स्वतःची चूक किती, आणि त्या भागात चुंबकी उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती सरकलेली. सुरुवातीला नुसता गोंधळ. कुणी आकडे या क्रमाने मिळवतोय, कुणी त्या. मग हळूहळू, एकमेकांना आकडे पुरवता पुरवता, टेबलापाशी काम करणाऱ्या दोघांत कामाची अशी वाटणी बसली की निम्मी बेरीज आधीच तयार राहायला लागली. जहाज सुखरूप नांगरलं. हचिन्स यांनी सगळं बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं. त्यांनी ते नंतर शब्दाशब्दाने तपासलं, तेव्हा दिसलं की ती वाटणी कुणी ठरवलेली नव्हती आणि दोघांपैकी कुणालाही ती पूर्ण दिसत नव्हती. प्रत्येक जण आपल्यापुढे जे आलं तेवढं सोयीने उरकत होता, आणि त्या सोयींमधून एक पद्धत उभी राहिली.

समजा नौदलाने त्या दोघांपैकी एकाला बोलावून सांगितलं असतं, ‘त्या दिवशी काय केलंत ते लिहून द्या.’ त्याने प्रामाणिकपणे काय लिहिलं असतं? तुम्ही लिहिलंत तसंच.

माणसाची संस्कृती कशी वाढत गेली हे अभ्यासणाऱ्यांनी बराच काळ एकेका माणसाचा हिशोब मांडला. एकाला येतं, दुसरा बघून शिकतो, थोडी भर घालतो, तिसरा त्याच्यापुढे जातो. ते खरंही आहे. पण त्यात एक कोपरा सुटत होता. पॉल स्मल्डिनो या संशोधकांनी २०१४ साली तो नेमका दाखवला: काही गुण असे असतात की ते एका माणसाकडून उचलताच येत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या भूमिकांच्या जुळणीत असतात. वाद्यवृंदातला एक वादक उचलून नेला म्हणून वाद्यवृंद हाती लागत नाही. आपण आज जे जे म्हणून करू शकतो, घर बांधणं, रोग बरे करणं, समुद्र ओलांडणं, त्यातलं बहुतेक असं जुळणीतून आलेलं आहे. मला ही गोष्ट फार थक्क करणारी वाटते. मानवजातीचं सगळ्यांत मोठं भांडवल आपल्यापैकी कुणाच्याच मालकीचं नाही.

आणि ते भांडवल वाढायला सगळं समजावंच लागतं, असंही नाही. २०१९ साली मॅक्सिम डेरेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारावरून घरंगळणारं एक चाक, त्याच्या आऱ्यांवर पुढेमागे सरकवता येणारी वजनं. चाक शक्य तितक्या वेगाने खाली आणायचं. पाच जणांची साखळी. प्रत्येकाला आधीच्याने शेवटी वजनं कुठे ठेवली होती आणि चाक किती वेगाने आलं तेवढं दिसायचं. साखळीच्या शेवटापर्यंत चाक चांगलंच वेगवान झालं. पण चाक का पळतं हे विचारल्यावर शेवटच्या माणसाला पहिल्यापेक्षा जास्त काही सांगता आलं नाही. आता तुमच्याशी थेट संबंध असलेला भाग. दुसऱ्या काही साखळ्यांमध्ये प्रत्येकाला आपली उपपत्तीही, म्हणजे चाक का पळतं याचं स्पष्टीकरण, पुढच्यासाठी लिहून ठेवायला सांगितलं. त्याने वेग काही वाढला नाही. उलट, अर्धवट उपपत्ती हाती आली की पुढचा माणूस तिच्यातच अडकायचा, दुसऱ्या बाजूने करून बघायचाच नाही.

तुमची नवी टीम १७व्या पानावरच्या दहा भोकांना अशीच अडकली असेल का? मला तरी दाट शंका येते. कागदावर १० आहे, म्हणून अकरावं भोक पाडायला कुणाचा हात धजत नसेल.

तुमच्या मॅनेजरांना पटवायला एक उदाहरण देते. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात वापरला जाणारा एक गुप्त पदार्थ आहे, टोपणनाव फॉगबँक. त्याचं उत्पादन १९८०च्या दशकाच्या अखेरीस थांबलं आणि कारखाना मोडीत निघाला. २०००नंतर तो पुन्हा लागला, तेव्हा जुन्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि तो बनवलेली माणसं फारशी उरली नव्हती. नोंदींवरून पद्धत उभी केली, नवा कारखाना बांधला, पण पदार्थ काही केल्या जुन्यासारखा होईना. बरीच वर्षं आणि कोट्यवधी डॉलर खर्चून उलगडा झाला. पूर्वी एका कच्च्या मालात एक अशुद्धी असायची. नव्या कारखान्यात सफाईची रीत सुधारल्यामुळे ती निघून जात होती. आणि ती अशुद्धीच पदार्थ जमून यायला लागत होती! जुन्या कामगारांनी ती लिहून ठेवली नव्हती, कारण त्यांना ती ठाऊकच नव्हती. त्यांनी हातचं राखलं असं कुणी म्हणेल का?

तेव्हा मीटिंगमध्ये झालेला आरोप तुम्ही गिळून बसू नका. शांतपणे, शक्यतो लेखी, सांगा की मला माहीत होतं ते मी सगळं दिलंय. जे राहिलंय ते सहा जणांच्या कामाच्या पद्धतीत होतं आणि ते शोधायला मी तयार आहे. चारचौघांत झालेला आरोप चारचौघांतच मागे घेतला जायला हवा, असंही मला वाटतं. पण ती मागणी दुसऱ्या भेटीत करा. पहिल्या भेटीत काम सुरू होऊ द्या.

काम कसं सुरू करायचं? माझा पहिला आग्रह: यापुढे कागद पाठवू नका, माणसं पाठवा. आणि एकेकटी पाठवू नका.

वायव्य ग्रीनलंडमध्ये इनुघुइट लोक राहतात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात साथ आली आणि जाणती, वयस्कर माणसं मोठ्या प्रमाणावर गेली. त्यांच्याबरोबर कयाक गेली, धनुष्यबाण गेला, मासे मारायचा भाला गेला. कयाक म्हणजे एका माणसाचं कसब नव्हे. सांगाडा जोडणारे हात वेगळे, कातडी पाणी शिरणार नाही अशी शिवणाऱ्या बायका वेगळ्या, आणि बर्फाळ पाण्यात ती उलटू न देता शिकार करणं तिसरंच. हे सगळं एका वेळी जागेवर असेल तरच कयाक असते. मागे उरलेली माणसं तितकीच हुशार होती, त्यांची गरजही तितकीच होती, तरी कित्येक वर्षं ती कयाकशिवाय राहिली. १८६०च्या दशकात बॅफिन बेटाकडून क्वितलारसुआक या म्होरक्याबरोबर एक जथा आला, त्यांच्यात राहिला, आणि कयाक परत आली. शिवणारे, बांधणारे, चालवणारे असे सगळे एकत्र आले म्हणून ती आली.

म्हणून तुमच्या टीममधले ओतणारा आणि मोल्डर ही जोडी नव्या प्लांटवर एकाच वेळी, एकाच पाळीत काही आठवडे उभी राहील असं बघा. पत्रावरून दिसतं की दोघेही अजून कंपनीतच आहेत, पण एक तुमच्याकडे आणि एक नव्या प्लांटवर, वेगळ्या पाळीत. त्यांनी वर्ग घ्यायचा नाही. फक्त काम करायचं, शेजारी नव्या टीमची माणसं ठेवून. तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा आणि एवढंच टिपा: कुणाचा हात कधी थांबतो, कुणाची मान कधी वळते, आणि त्यानंतर दुसरा काय करतो. ‘का केलंस’ हे लगेच विचारू नका. विचारलंत की माणूस कारण तयार करून देतो, आणि मग तेच खरं मानलं जातं.

दुसरं, नव्या टीमला एकत्रच शिकवा आणि शिकवल्यावर फोडू नका. १९९५ साली लियांग, मोरलँड आणि आर्गोट यांनी तीन-तीन जणांच्या गटांना रेडिओ जोडायला दिले होते. काहींना एकेकटं शिकवलं होतं, काहींना गटाने. गटाने शिकलेल्यांना पायऱ्या जास्त आठवल्या आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत गटाने शिकवून ऐनवेळी माणसं अदलाबदल केली, तेव्हा तो फायदा गेला. प्रत्येकाला रेडिओ तर जोडता येत होता, मग गेलं काय? पुढचा माणूस कशात पक्का आहे आणि कशात कच्चा, याची जाण गेली.

त्यातूनच तुमच्या कागदाचा एक खरा उपयोग निघतो. याच मालिकेतल्या पुढच्या एका प्रयोगात, एकेकटं शिकलेल्या माणसांना एकमेकांची कसबं कोणती ते नुसतं लिहून दिलं, तर त्यांचं कामही गटाने शिकलेल्यांच्या तोडीचं झालं. म्हणजे लिहिण्याजोगंही काही असतं. तुम्ही ६४ पानं ‘काय करायचं’ यावर लिहिली आहेत. ६५वं पान ‘कुणाला विचारायचं’ यावर लिहा. वाळू मुठीत दाबून कुणाला कळते, धातूचा रंग बघून कोण सांगतो, कोण कुणाचा हात बघून आपला हात बदलतो. निवृत्त झालेल्या तुमच्या वाळूवाल्या सहकाऱ्याचं नावही त्यात घाला. त्यांना सन्मानाने चार दिवस बोलवा, आणि त्या चार दिवसांचे पैसे कंपनीने द्यावेत असा आग्रह धरा.

मॅनेजर म्हणतील, इतकी माणसं अडकवून ठेवणं परवडत नाही. त्यांना जपानमधल्या इसे इथल्या मंदिराबद्दल सांगा. ते दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा नव्याने बांधतात. ६९० सालापासून, लढायांच्या काळात पडलेला मोठा खंड सोडला, तर हे चालत आलंय. २०१३ साली ६२वी खेप झाली. २० वर्षांच्या अंतराने एक सुतार आयुष्यात दोनदा, क्वचित तीनदा त्या कामावर येतो. पहिल्यांदा शिकाऊ म्हणून, पुढे शिकवणारा म्हणून. जुने आणि नवे हात एकाच लाकडावर असण्याचा काळ त्या रचनेतच धरलेला आहे. तुमची टीम फोडताना तो काळ कुणी धरलाच नाही. चूक तिथे झाली आहे, आणि ती तुमची नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या टीमचं सगळंच बरोबर होतं असं मनात धरू नका. जुळून आलेल्या पद्धतीला स्वतःचं ‘का’ माहीत नसतं, त्यामुळे परिस्थिती बदलली की ती बेसावध पकडली जाते. ब्रिटिश नौदलाने १७९५ साली लेमनचा (मोठ्या पिवळ्या लिंबाचा) रस देऊन स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार, आटोक्यात आणली. पुढे लेमनच्या जागी वेस्ट इंडीजमधून येणारे लाइम (छोटे हिरवे लिंबू) आले. दोन्ही आंबट, म्हणून कुणाला फरक वाटला नाही. लाइममध्ये क जीवनसत्त्व बरंच कमी असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. वाफेच्या जहाजांमुळे प्रवासही छोटे झाले होते, त्यामुळे चूक उघडी पडली नाही. ती पडली १८७५-७६च्या आर्क्टिक मोहिमेत, रस बरोबर असूनही खलाशी आजारी पडले तेव्हा. म्हणून नव्या प्लांटची वाळू कुठून येते, पाणी कसं आहे, तिथली हवा दमट आहे का, हेही बघा. शिवाय नव्या टीमला तुमच्यापेक्षा वेगळी रीत सापडली तर तिला मोकळी वाट द्या. त्यांच्यात त्यांची जुळणी बसायला वेळ लागेल. तुमची बसायला किती वर्षं लागली होती ते आठवा.

आता तुमचा रात्रीचा प्रश्न. मला खरंच येत होतं का? हो. तुम्हाला सहा जणांना १९ वर्षं अशा अंतरावर ठेवता येत होतं की ओतणाऱ्याचा हात मोल्डरला दिसावा. रिकामं न बसवणाऱ्या माणसाला तुम्ही चिडवलंत, पण कधी थांबवलं नाहीत. दुसऱ्या एखाद्या सुपरवायझरने ‘दहा सांगितलीत ना, दहाच पाडा’ म्हणून त्याच्या हातातली तार काढून घेतली असती. तुम्ही ते केलं नाहीत, आणि हे तुमच्या ६४ पानांत कुठेच आलेलं नाही.

या आठवड्यात एक करा. मोल्डरला फोन लावा आणि विचारा की जास्तीची भोकं तो नेमकी कधी पाडायचा. ‘मी कुठे जास्तीची पाडायचो?’ असं तो म्हणाला तर वाद घालू नका. त्याला ओतणाऱ्याच्या शेजारी उभं राहायला मिळेल अशी एक पाळी मागून घ्या, आणि तुम्ही वही घेऊन मागे थांबा. धातू उसळला की त्याच्या हाताकडे बघा.